एकेचाळीस कुंड्या

माझी बायको बीछिन वारली तेव्हा गच्चीवर तिची एकेचाळीस ऑर्किडं होती. कोणती कोणाला द्यायची, ते तिने वहीत लिहून ठेवलं होतं. त्या ज्याच्या त्याच्या घरी पोचवायला शनिवारी आमच्या ताइनान शहरातल्या फूलमंडळातली माणसं येणार होती. एकही कुंडी चुकीच्या हाती जायला नको, म्हणून ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर वर्गात शिकलो तशी मी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. वहीतली एकेक नोंद घ्यायची, तिचं कार्ड करायचं, कार्ड यादीत टाकायचं.

शुक्रवारी दुपारी धाकटी मेव्हणी लीयुन आली. छापलेली यादी वाचून हसायलाच लागली.

"भावोजी, एकेचाळीस ओळी, सगळीकडे तीच पांढरी कुंडी आणि पुढे माझंच नाव! टेम्पो सांगू का?"

वहीत तिची नोंद शेवटची होती.

"स्क्रिप्ट चुकली," मी म्हणालो.

"स्क्रिप्ट कसली, तुम्ही चुकलात. काय केलंत ते दाखवा बरं."

मी दाखवलं. कार्ड सुरुवातीला एकदाच केलं होतं. दर फेरीला, म्हणजे दर नोंदीला, त्यावरचा मजकूर बदलायचा आणि ते यादीत टाकायचं. दर वेळी नवं कार्ड कशाला वाया घालवा, असं वाटलं होतं.

"म्हणजे एकच कार्ड खोडून खोडून लिहिलंत, आणि तेच एकेचाळीस वेळा डब्यात टाकलंत? ताई सांगायचीच, हा माणूस एका चहापत्तीवर सात वेळा पाणी ओततो."

"आठ."

नवं कार्ड करायची ओळ मी फेरीच्या आत घेतली. आता एकेक कुंडी वेगळी आली. भाजीवाली, दातांची डॉक्टर, समोरच्या लाओ बाई. लीयुनला एक. यादी मी दोनदा वाचली. माझं नाव कुठेच नव्हतं.

लीयुनने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला दिली असती तर आठवड्यात पाण्यात बुडवून मारली असतीत. तिला ठाऊक होतं."

"हो."

"माझी करा तुमच्या नावावर."

"तिने लिहिलंय ते बदलायचं नाही."

"बरं. नाव माझं, कुंडी इथेच. माझ्याकडे ऊन कुठे येतं? पाणी घालायला दर रविवारी येईन. तुम्ही हात लावायचा नाही. आणि चहा ताज्या पत्तीचा हवा."

शनिवारी चाळीस कुंड्या गेल्या. रविवारी सकाळीच मी चहाची नवी पुडी फोडली.