हनुवटीवरची फुंकर

चंचीच्या आतल्या कप्प्यात बोट घातलं तर चुन्याची डबी लागली, अडकित्ता लागला, सुपारीचा चुरा नखात शिरला... चिमटा नाही. आठवडाभर रोज सकाळी हेच. चिमटा सवितानं घेतलाय हे कालच कळलं होतं, तरी बोट आपलं जायचं तिथंच. काय सून म्हणायची ही? विचारणं नाही, सांगणं नाही, मांजर फिरावं तशी घरात फिरते आणि माणसाच्या उशाखालची वस्तू उचलून नेते, आणि आपण सगळा फ्लॅट धुंडाळून, रामहरीच्या — पोटच्या पोराच्या — खिशात हात घालून झाल्यावर, काल संध्याकाळी भाजी निवडता निवडता म्हणते, "आई, चिमटा माझ्याकडं आहे. उद्या दवाखान्यात जायचंय. केस वाढलेले लागतात तिथं." भांडली असती तर बरं झालं असतं. भांडणाऱ्या सुनेला गोजरबाईंनी कधीच सरळ केलं असतं; ही भांडतच नाही, हेच तिचं सगळ्यात वाईट वागणं. आज सकाळचा दुसरा चहासुद्धा तिनं असाच, न भांडता, दिला नव्हता. "सुई जास्त टोचते म्हणे चहानं," एवढंच.

हनुवटीवरून हात फिरवला. राठ, पांढरे, गव्हाच्या खुंटासारखे. पदर ओढून घेतला — खोलीत कोणी नसताना.

दवाखान्याला नाही म्हणता आलं असतं. गोजरबाईंना नाही म्हणायला कोण शिकवणार? पण मरणाचा विचार आला होता. म्हणजे मरणाचा नव्हे, मेल्यानंतरचा. शेवटच्या आंघोळीला राहात्याकडच्या भावकीतल्या बायका जमतील, तोंडावरचा पदर काढतील, आणि मग वर्षभर त्यांना दुसरा विषय लागायचा नाही. जिवंतपणी ज्यांना उंबऱ्याच्या आत बोलू दिलं नाही त्या मेल्यावर बोलणार, आणि मी तिथं आडवी, उत्तर देता येत नाही...

रिक्षात सविता शेजारी बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. त्या पर्समध्ये असेल का चिमटा? तो काही केसांचा चिमटा नव्हेच. बाभळीचे काटे काढायला रंगनाथांनी, गोजरबाईंच्या नवऱ्यानं, लोहाराकडून करून घेतलेला, टोकाला जरासा वाकडा. धाकट्या पोराच्या वेळी हनुवटीला केस फुटले तेव्हा गोजरबाई किती दिवस पदर दातात धरून वावरल्या... कुंकवाच्या करंड्यातल्या आरशात बघून नखानं ओढायच्या, रक्त यायचं, केस तिथंच. वाटायचं, हा माणूस आता माहेरी नेऊन सोडतो. आणि एका दुपारी, गोठ्याच्या पत्र्याखाली, त्यांनी पायातला काटा काढला, चिमटा धोतराला पुसला आणि म्हणाले, "इकडं ये. तोंड वर कर. काटाच हाय, त्यात काय." अंगठा हनुवटीखाली, दोन बोटांनी कातडी ताणलेली, एक झटका, आणि लगेच फुंकर. झटका, फुंकर. बोलायचे काहीच नाहीत. पुढं तितकी वर्षं दिवसा कधी त्यांनी हात धरला नाही की नावानं हाक मारली नाही, पण केस वाढले की दुपारी पत्र्याखाली बसून घसा खाकरायचे, आणि मी हातातलं पीठ झटकून जायची. कोणाला माहीत नव्हतं. दोघांच्या पलीकडं कोणाला नाही.

ते गेल्यावर चिमटा राहिला. स्वतःच्या हातानं स्वतःची हनुवटी धरणं — ते धरणं नव्हेच. आणि फुंकर? स्वतःच्या हनुवटीवर फुंकर घालून बघावी माणसानं, नाकात जाते.

पण ते आले होते. हे गोजरबाईंनी कोणालाच सांगितलं नव्हतं. पावसाळ्यात ताप डोक्यात चढला, दवाखान्यात ठेवलं, रात्र की दिवस ते कळेना... त्यातल्या एका दुपारी खिडकीतून ऊन येत होतं आणि हनुवटीखाली अंगठा आला. कातडी ताणली. झटका. फुंकर. डोळे उघडले असते तर ते गेले असते, म्हणून उघडले नाहीत. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झालं की गोजरबाई गॅलरीत खुर्ची टाकायच्या, हनुवटी उन्हाकडं करायच्या, डोळे मिटायच्या. सविता म्हणायची, ऊन खातात आई, खाऊ देत.

आजच्या दवाखान्यातल्या पोरीचं नाव शिफा. तोंडाला मास्क, डोक्याला ओढणी, डोळे तेवढे हसरे. डोक्यावर भिंगाचा दिवा.

"शुगर आहे का आजी?"

"न्हाई."

"हृदयाला मशीन वगैरे बसवलंय?"

"मशीन कशाला? हाय तेच थांबंना."

पोर हसली. मग समजावू लागली, की लेझर काळ्या केसाला, पांढऱ्याला ते दिसतच नाही. तुम्हाला ही सुईच. केसाच्या कडेनं आत जाते, मुळाशी जरासा करंट, चुरचुरेल, मग केस आपला आपण सुटून येतो. दोन-चार दिवस लाली राहील, बारीक खपल्या धरतील, नखं लावायची नाहीत.

"परत येत न्हाई?"

"मूळ मेलं की नाही. पण सगळी मुळं एका वेळी सापडत नाहीत आजी. काही आत झोपलेली असतात. वर्ष जाईल, जास्तही लागेल. आणि मधल्या काळात उपटायचं नाही, फार तर कात्रीनं कापा."

वर्ष. गोजरबाईंना उगाच बरं वाटलं. कशाचं, ते त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

रबरी मोज्यातलं बोट हनुवटीला लागलं. कातडी ताणली गेली. सुई गेली ते कळलंही नाही, आणि मग आतून चटका, तापल्या तव्याला बोट लागावं तसा, तोंडात लोखंडाची चव... केस निघाला. आणि गोजरबाई थांबल्या. श्वास धरून थांबल्या. काही आलं नाही. दुसरा चटका. पुन्हा काही नाही. ही पोर चांगली आहे, हात हलका आहे, पण पुढं काहीच नाही... डोळ्याच्या कडेला पाणी जमलं, ते चटक्याचं म्हणून खपून गेलं.

आणि फुंकर आली.

अंगभर काटा आला. तीच. लहान, तिरपी, डावीकडून. डोळे उघडायचे नाहीत म्हणता म्हणता उघडले, तर दिव्याच्या उजेडात वाकलेलं तोंड सविताचं.

"ताई, फुंकू नका," शिफा म्हणाली, "जंतू जातात."

"चुकलं," सविता मागं सरली. "सवय लागली. यांना ताप होता ना पावसाळ्यात, तेव्हा काढत होते मी."

मग उरलेले चटके गोजरबाईंना लागले की नाही, सांगता यायचं नाही.

परतीच्या रिक्षात त्या समोरच्या आरशाकडं बघत राहिल्या. आले नव्हते ते. इतक्या दुपारी उन्हात हनुवटी धरून मी कोणाची वाट बघत होते? आधी चिमटा गेला, आज माणूस. गप्प बसून, मांजरासारखी, ही सगळंच उचलून नेते. बरं, केस काढले ते ठीक. पण अंगठा? फुंकर?

"तुला कुनी दावलं तसं?" रिक्षाच्या आवाजात विचारलं, म्हणजे ऐकू गेलं नाही तरी चालेल.

सविताला गेलं. "लग्न होऊन आले तेव्हा. ताक घेऊन गोठ्याकडं गेले होते. आबा तुमचे केस काढत होते. मी तशीच मागं फिरले."

"आन बोलली न्हाईस? इतकी वर्सं?"

"काय बोलायचं, आई?"

गोजरबाईंनी तोंड फिरवलं. म्हणजे तिसरं कोणी होतं. त्या पत्र्याखालच्या दुपारी दोघांच्याच नव्हत्या, आणि... आणि म्हणून ते गेले तरी सगळंच्या सगळं गेलं नव्हतं, दुसऱ्या कोणाच्या डोळ्यांत तो अंगठा, ती फुंकर तशीच ठेवलेली होती, गपचूप, चंचीत ठेवावी तशी. राग यायला हवा होता. शोधला. चिमट्यासारखाच, जागेवर नव्हता.

घरी गॅलरीत ऊन कलतीला लागलं होतं. हनुवटी धगधगत होती. सवितानं फडक्यात बर्फ आणला आणि दुसऱ्या हातानं चिमटा पुढं केला.

"घ्या तुमचा. पण उपटायचं नाही हं, आई."

लोखंड तिच्या पर्समध्ये राहून कोमट झालं होतं. गोजरबाईंनी ते तळहातावर फिरवलं, वाकडं टोक बोटानं चाचपलं, आणि परत तिच्याच हातात दिलं. मग खुर्ची उन्हाकडं सरकवली, डोळे न मिटता हनुवटी वर केली.

"चोर हायस तू, सविता. पक्की चोर. आन हात त्यांच्यापरीस हलका हाय तुझा... बस हितं. लई आग होतीय, घाल फुंकर."