यंत्र ओलांडून जातं ती ओळ

मित्रांनो, मी एक जुनी ओळ आहे. खरं सांगायचं तर मी काहीच काम करत नाही. माझ्या खालच्या सहा ओळी राबतात आणि मी नुसती त्यांच्या डोक्यावर बसून असते. संगणकाला कामाला लावणाऱ्या ओळींना कोड म्हणतात. मी कोड नाही. माझ्या कपाळावर एक छोटीशी खूण आहे. ती दिसली की यंत्र मला ओलांडून पुढे जातं. मला फक्त माणसं वाचू शकतात. वाचली तर.

मला लिहिलं ताईने. ताई सॉफ्टवेअर डेव्हलपर. ऑफिसात सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तिची लेक तेव्हा नुकतीच पाळणाघरात जायला लागली होती. रोज सकाळी ताई पिशवीत दुधाची बाटली ठेवायची आणि बाटलीला चिठ्ठी चिकटवायची : 'आधी हातावर थेंब टाकून बघा, हिला गरम सोसत नाही.' पाळणाघरातल्या मावशी हसायच्या. "अगं, आम्ही काय आजच मुलं सांभाळायला लागलो?" पण थेंब टाकून बघायच्या.

त्याच दिवसांत ताईने त्या सहा ओळी लिहिल्या. संगणकात जुन्या फाइलींचा ढीग साठतो, जागा उरत नाही, बिचारं यंत्र धापा टाकायला लागतं. या ओळी महिन्याहून जुन्या फाइली एका झटक्यात पुसून टाकायच्या. ऑफिसात सगळ्यांचं मिळून एक पान होतं. ज्याला काही युक्ती सुचेल त्याने ती तिथे ठेवायची, ज्याला हवी असेल त्याने उचलायची. ओळी तिथे ठेवताना ताईचा हात थांबला, बाटलीपाशी थांबायचा तसा. मग तिने मला लिहिलं : 'सावध! तुम्ही ज्या फोल्डरमध्ये उभे आहात, तिथलं जुनं सगळं जाईल. परत मिळणार नाही. आधी यादी बघा, मग पुसा.'

सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. कोणी ओळी उचलल्या की मीही त्यांच्या डोक्यावर बसून जायची. एकदा एक जण पुसायच्या बेतातच होता. मला वाचून थबकला, कुरकुरत यादी काढली, तर तीत त्याचं स्वतःचंच वर्षभराचं काम! "वाचलो रे बाबा," म्हणत त्याने ताईला चहा पाजला. मला कोणी विचारलं नाही, पण त्या दिवशी मला फार बरं वाटलं.

ताईच्या शेजारी बसणाऱ्याला दुसऱ्याचं कोड छाटून छोटं करायची भारी हौस. म्हणून त्याचं नावच कात्री पडलं होतं. माणूस वाईट नव्हता. ताईच्या लेकीला खोकला झाला की ताईचं काम तोच उरकायचा. बाहेरच्या डेव्हलपरांच्या एका मोठ्या ग्रुपवर तो रोज एक टीप टाकायचा. एके दिवशी त्याने ताईच्या ओळी उचलल्या आणि मला पाहून हसला.

"ताई, या बाईसाहेब इथे काय करतात गं? नुसता उपदेश?"

"राहू दे रे त्यांना."

"अगं, यांना काढलं तरी सगळं तस्संच चालतं. बघ!"

खरंच चालत होतं. तेवढ्यात पाळणाघरातून फोन आला आणि ताई उठून गेली. कात्रीने आपल्या प्रतीतून मला खोडलं आणि माझ्या जागी लिहिलं : 'जुना कचरा साफ! डोळे झाकून वापरा. मूळ ओळी आमच्या ताईच्या.'

टीप सगळ्यांना आवडली. या ग्रुपवरून त्या ग्रुपवर, या ऑफिसातून त्या ऑफिसात गेली. मी मात्र जुन्या पानावर बसून राहिले. तिथे आता कोणी फिरकत नव्हतं.

त्या बिनडोक्याच्या ओळी एका रुग्णालयात पोचल्या. घशाच्या शस्त्रक्रियेत ज्यांचा आवाज कायमचा जाणार, अशा माणसांचा आवाज तिथे आधीच भरून ठेवत. पुढे संगणक त्यांच्याच आवाजात बोलणार होता. एक सुतार तिथे बरेच दिवस येत होता. त्याला एक लहान मुलगी होती, ठकी. तो माईकसमोर बसून तिला हाका मारायचा. "ठके, जेवलीस का?" "ठके, करवतीला हात लावायचा नाही हं!" "ठकूबाई, रुसलात होय?" मग एकाएकी दुखणं वाढलं आणि शस्त्रक्रिया ठरल्याआधीच करावी लागली. गळ्यातला आवाज गेला. यंत्रातला तेवढा उरला.

तिथले संगणक सांभाळणारे काका नेक माणूस. त्या दिवशी जागा संपली होती आणि नवा रुग्ण माईकसमोर खोळंबला होता. काकांनी ग्रुपवरची टीप काढली. त्यांना वाटलं, कचरा कुठला ते या ओळी आपणच ओळखतात. पण ते उभे होते आवाजांच्या फोल्डरमध्ये, म्हणजे उघडा होता तोच; जुने आवाज एका झटक्यात पुसले गेले. जागा नाही म्हणून दुसरीकडे ठेवायची प्रतही कित्येक दिवस निघाली नव्हती.

हे सगळं मला नंतर कळलं. काकांनी ग्रुपवरून नंबर मिळवून फोन केला, "ताई, तुमच्याच ओळी होत्या हो. काहीतरी करा." ताई लॅपटॉप घेऊन धावली, मागोमाग कात्री. मूळ ओळी नेमकं काय काय पुसतात ते पडताळायला तिने जुनं पान उघडलं. काकांनी मला तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

"हे माझ्याकडे आलंच नाही हो," ते म्हणाले आणि खाली बसले. कात्री भिंतीला टेकून उभा होता.

ताईने जंग जंग पछाडलं. सुताराची हाती लागली एकच फाइल. आवाज भरायच्या शेवटच्या दिवसाची, महिना भरायला एक दिवस उरला होता म्हणून वाचलेली. सुतार, त्याची बायको आणि ठकी बाकावर बसले होते. ताईने फाइल लावली. खोकल्याची उबळ. पाण्याचा घोट. मग एक घोगरा, दमलेला आवाज : "आज नाही जमत हो. बाकीचं उद्या."

बस्स, एवढंच. त्यात ठकीचं नावसुद्धा नव्हतं.

ठकीने बापाच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग ताईची बाही ओढली.

"मावशी, मग उद्याचं लाव ना."

सुताराने तिला उचलून कडेवर घेतलं. तिच्या पाठीवरून तो हात फिरवत राहिला. त्याचे ओठ हलत होते.

त्यानंतर ताईने मला बदललं. आता यंत्र मला ओलांडू शकत नाही. ते माझ्यापाशी अडतं, यादी दाखवतं, विचारतं आणि उत्तर मिळेपर्यंत काही पुसत नाही. कात्रीनेही ग्रुपवर जाऊन मला जागेवर बसवलं. पण आधीच उचलून नेलेल्या ओळी कुठे कुठे आहेत, कोणाला ठाऊक? त्या अजून बिनडोक्याच्या फिरताहेत, कुठल्या तरी घाईच्या दुपारची वाट बघत.

म्हणून मित्रांनो, एवढं मागते. दुसऱ्याची युक्ती खुशाल उचला, ती त्यासाठीच ठेवलेली असते. पण तिच्या डोक्यावर कोणी चार शब्द लिहिले असतील तर ते वाचा, आणि पुढच्याला देताना तेही बरोबर द्या. हातावर एक थेंब टाकून बघायला कितीसा वेळ लागतो?