सक्षम झालेलं गाव

आमच्या नगरपालिकेतून कुठलाच कागद वेळेवर जात नाही. यंदा मी पाठवला आणि हात पोळून घेतले.

मी इथला लेखापाल. राज्य सरकार दरवर्षी करातला वाटा सगळ्या नगरपालिकांना देतं आणि ज्यांची घरपट्टी धड वसूल होत नाही अशा दुर्बळ गावांना त्यावर जादा अनुदान देतं. आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा पगार त्या अनुदानातून निघतो. जागा कंत्राटी, त्यामुळे दरवर्षी मंजुरी येईपर्यंत बाईंचा जीव टांगणीला. घरात कमावत्या त्या एकट्याच, आणि सासरे अंथरुणाला खिळलेले. गेल्या वर्षी मीच त्यांना म्हणालो होतो, की वसुली वाढली तर वरचे खूश होतील, तुमची जागा कायम करून घेऊ. मला खरंच तसं वाटलं होतं. इतकी वर्षं सरकारी पैसा मोजूनही माणूस असा भाबडा कसा राहतो, याचं माझ्या बायकोला अजून नवल वाटतं.

सिस्टर लस टोचायला घरोघर जायच्याच. जाता जाता त्या घरपट्टीचंही सांगू लागल्या. आमचे वसुली कारकून दिसले की जे लोक मागच्या दाराने पसार व्हायचे, तेच आता आपणहून खिडकीशी येऊन पैसे भरू लागले. वर्षअखेरीला वसुली दुप्पट झाली. नगराध्यक्षांनी माझी पाठ थोपटली, मी फुशारलो आणि मुदतीच्या आत आकडे राजधानीला धाडून मोकळा झालो.

उत्तर आलं, की आपलं गाव आता दुर्बळ राहिलेलं नाही, सक्षम झालं आहे. सबब जादा अनुदान बंद आणि त्यावरची पदंही रद्द. जेवढी वसुली वाढली, त्याच्या तिप्पट रक्कम गेली. वाढलेली घरपट्टी तर पाणीपुरवठ्याच्या थकलेल्या वीजबिलात कधीच गडप झाली होती.

मी राजधानी गाठली. उपसचिवांच्या खोलीबाहेरच्या बाकावर अर्धा दिवस बसून पाठ आखडली. माणूस मात्र भला निघाला. समोरच्या चहावर साय धरली तरी त्याने माझं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, की इतक्या वेळेवर आकडे पाठवायची घाई काय होती? शेजारच्या गावाने अजून पाठवलेले नाहीत, त्यांना जुन्या आकड्यांवर पूर्ण अनुदान मिळालं. मला धड रागही येईना. तेवढ्यात तो आपलंच रडगाणं सांगू लागला. राज्याने पोटाला चिमटा काढून तूट कमी केली, तर केंद्राने तूट भरायला दिला जाणारा वाटाच कापला.

"आमचं तरी वेगळं काय झालंय?" तो म्हणाला. "पुढच्या वर्षी वसुली जरा सैल सोडा. परत दुर्बळात याल, जागाही परत मिळेल."

परतलो तो थेट दवाखान्यात गेलो. सिस्टर औषधांचं कपाट लावत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, सैल सोडायचंही सांगितलं. सांगताना मला स्वतःची लाज वाटत होती आणि झोपही येत होती.

"म्हणजे लोकांनी घरपट्टी भरली नाही, तर मी परत येणार?"

"हो."

त्यांनी हातातली बाटली कपाटात ठेवली, मग दुसरी ठेवली. मी म्हणालो, आता लोकांना काही सांगत बसू नका, उगाच तुमच्या डोक्याला ताप.

"ते विचारणारच ना, साहेब," त्या म्हणाल्या. "रस्त्यासाठी भरा, गटारासाठी भरा म्हटलं असतं तर कोण ऐकणार होतं? मी त्यांना सांगत होते, घरपट्टी भरा, म्हणजे मी इथेच राहीन."