वाचणाऱ्याचं नाव

आमच्या वाडीतल्या प्रार्थनाघरात प्रभुभोजन तीन महिन्यांतून एकदा होतं, कारण पाळकसाहेब एकच आणि महाडपासून पोलादपूरपर्यंतच्या सगळ्या मंडळ्या त्यांच्या गळ्यात. भाकर मोडण्याआधी आमच्याकडे एक पद्धत आहे. ती माझ्या वडिलांनी, गोमाजींनी घातली. मंडळीच्या वहीतली नावं एकेक करून मोठ्यानं वाचायची. ज्याचं नाव येईल त्यानं उभं राहून ‘तपासलं’ एवढा एकच शब्द म्हणायचा. म्हणजे, मी माझं मन देवापुढे तपासलं, आता भाकर घेतो. ज्याला म्हणवत नसेल त्यानं बसून राहायचं आणि ताट पुढे जाऊ द्यायचं. कुणी त्याला काही विचारत नाही.

वडील गेल्यापासून, म्हणजे अकरा वर्षं, ती वही माझ्याकडे आहे. मी शाळामास्तर, आवाज खणखणीत, नावं स्पष्ट वाचतो. वहीत बावीस नावं. त्यांत माझं नाही. वडिलांनी स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं, कारण वाचणाऱ्याला हाक कोण मारणार? मग मीही लिहिलं नाही. वाचून झालं की वही मिटायची, खाली बसायचं, ताट आलं की घ्यायचं. इतक्या वर्षांत हे मला एकदाही खटकलं नाही, याचाच आता जास्त राग येतो.

आता आगीचं सांगतो. अठ्ठावन्न सालचा चैत्र संपत आला होता. माझं भाताचं एक लहानसं शेत आहे, हैबतीच्या शेताला लागून. रोपांसाठी राब भाजायचा होता, म्हणजे पेरणीआधी वाफ्यावर पाला जाळायचा होता. पालापाचोळा, छाटलेल्या फांद्यांचा टाहाळ, शेण, वर माती, सगळं तयार होतं. राब सकाळी वारा पडलेला असताना भाजतात, आणि वाऱ्याच्या उलट बाजूनं पेटवतात, म्हणजे आग हळूहळू सरकते. हे माझ्या शाळेतल्या दुसरीच्या पोरालाही ठाऊक आहे. मला मात्र दोनच्या एस.टी.नं महाडला मंडळ्यांच्या वडीलमंडळींच्या सभेला जायचं होतं. म्हणून भर बारा वाजता, खाडीकडचा वारा सुटलेला असताना, हाताला आली त्या बाजूनं काडी लावली. आग भराभरा गेली. मला बरंच वाटलं. शेवटी एक घागर पाणी इकडेतिकडे शिंपडलं, हात धुतले आणि स्टँडकडे धावलो.

संध्याकाळी परत आलो तेव्हा हैबतीची पेंढ्याची उडवी जळून गेली होती आणि गोठ्याचं छप्परही. जनावरं वाचली. पण पावसाळ्याची वैरण गेली, आणि हैबतीला त्याचे बैल चार महिने कुडपणला सासुरवाडीत नेऊन ठेवावे लागले.

त्या दुपारी आंब्याखाली कोंडाजी बसला होता, हैबतीच्या कुंपणासाठी बांबू चिरत. कोंडाजी आमच्या मंडळीतला. बाप्तिस्मा घेतला त्या दिवशी त्यानं बिडी सोडली, त्याला चार वर्षं झाली होती. पुढच्या महिन्यात मंडळीची सभा बसली तेव्हा मी म्हणालो, “कोंडाजी बसला होता त्या बाजूनं धूर येताना मी पाहिला.” या वाक्यात एक शब्द खोटा नव्हता. धूर त्या बाजूनंच येत होता. माझ्या राबाचा होता, एवढंच मी सांगितलं नाही. बाकीच्यांनी बिडी मनानंच जोडून घेतली. कोंडाजी तीनदा म्हणाला, “मी बिडी वडली नाय.” जो कबूल करत नाही तो मन कठीण करतो, असं मी म्हणालो. कबूल करीपर्यंत त्याला भाकर नाही, असं ठरलं. वहीत त्याच्या नावापुढे फुली मारली. मीच मारली.

मला तेव्हा खरं ठाऊक होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याचा वीट आलाय. ठाऊक होतं. पण तिकडे बघायचं नाही असं ठरवलं की माणसाला पुष्कळ काळ बघता येत नाही.

वैशाखातलं भोजन झालं, श्रावणातलं झालं. दोन्ही वेळा मी एकवीस नावं वाचली आणि कोंडाजी मागे दाराशी बसून राहिला. मग कार्तिकात, भातं कापून होत असताना, एका शनिवारी तो माझ्या ओटीवर आला. दुसऱ्या दिवशी भोजन होतं, पाळकसाहेब यायचे होते.

“मास्तर, मी उंद्या कबूल करतो.”

“काय कबूल करतोस?”

“बिडी वडली म्हनून.”

“ओढली होतीस?”

“नाय.” तो खाली बघत होता. “आयेचं आता काय खरं नाय. दोन्ही डोळे गेले, पोटात काय ऱ्हात नाय. तिला एकदा माज्या संगती भाकर घ्यायची हाय. रोज त्येच बोलते. तवा म्हनलं, कबूल करून टाकू. पन चारचौघांत कसं बोलायचं त्ये तुमी शिकवा. तुमाला चांगलं जमतं.”

तो टोमणा मारत नव्हता. कोंडाजीला टोमणे मारता येत नाहीत. त्याला खरंच माझ्याकडून ते शिकायचं होतं. देवाच्या ताटासमोर खोटं कसं बोलावं, ते! मी त्याला “संध्याकाळी बघू” म्हणून वाटेला लावलं. त्यानंतर माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही.

पाळकसाहेब दुपारच्याच गाडीनं उतरले. मी त्यांना गाठलं. सगळं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. आणि बोललो काय, तर “साहेब, माझ्याही हातून काही चुका झाल्या असतील, मन स्वस्थ नाही.”

ते पायांवर पाणी घेत होते. म्हणाले, “मास्तर, तुमच्यासारख्या माणसाचं मन हळवंच असायचं. देवापुढे बोललात ना? मग झालं. उद्या कोंडाजी कबूल करतोय, स्टँडवरच मला सांगून गेला, प्रकरण मिटतंय, देवाची केवढी कृपा.”

मला त्यांचा असा संताप आला! माणूस ‘चुका’ म्हणाला तर ‘कोणत्या’ म्हणून विचारायला नको? मी तिथून तणतणत निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं की आगीचं नाव मी काढलंच नव्हतं. देवापुढेही मी रोज असाच बोलत होतो. हे प्रभो, आम्ही पापी आहोत. आम्ही! त्या ‘आम्ही’त सगळी वाडी येत होती, पाळकसाहेब येत होते, फक्त चैत्रातली ती दुपार येत नव्हती.

मग हैबतीकडे गेलो. हैबती आमच्या मंडळीतला नव्हे, आपल्या देवाधर्माचा, सरळ माणूस. म्हटलं, याच्यापुढे तरी नीट बोलता येईल. तो खळ्यावर भात झोडत होता. मी एका दमात सांगितलं, “हैबती, तुझी उडवी माझ्या राबानं जळली.”

त्यानं हातातली पेंढी पुन्हा एकदा आपटली. मग म्हणाला, “मला ठावं हाय.”

“कधीपासून?”

“त्याच दिशी. वारा कुटनं व्हता त्ये कळत नाय काय मला? उडवीपतूर जळल्याची वाट पडली व्हती, तुमच्या बांधापासनं.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलू? तुमी मास्तर. पोरं तुमच्या हाताखाली शिकत्यात. मुद्दाम तर लावली नसंल. इस्तवाचं काम हाय, व्हतं कदी.”

मला त्याच्यावरही राग काढायला काहीतरी हवं होतं. मी म्हणालो, “पण मग कोंडाजीचं नाव कशाला घेतलंस?”

हैबती थांबला. माझ्याकडे नीट बघून म्हणाला, “त्याचं नाव मी कुटं घेतलं, मास्तर? त्ये तुमी घेतलं.”

घरी येईपर्यंत मी आठवून पाहिलं. सभेत हैबतीचा निरोप नव्हता, तक्रार नव्हती. कोंडाजीवर बोट ठेवणारा पहिला माणूस मी, आणि माझ्यावर कुणी ठेवू नये म्हणून ठेवणारा. संध्याकाळी कोंडाजी आला तेव्हा मी त्याला काही शिकवलं नाही. खरंही सांगितलं नाही. डोकं दुखतंय म्हणालो. ते मात्र खरोखर दुखत होतं.

रविवारी सगळे जमले. ठमाबाई, म्हणजे कोंडाजीची आई, पुढे चटईवर भिंतीला टेकून बसली होती. मी वही उघडली. नावं वाचत गेलो, माणसं उठत गेली, तपासलं, तपासलं. ठमाबाईचं नाव आलं. ती उठली नाही. “मी थांबते,” म्हणाली, “माज्या पोराचं व्हऊ दे.”

एकवीस नावं संपली. पाळकसाहेबांनी कोंडाजीला पुढे बोलावलं. तो दाराशी होता, तिथून माणसांतून वाट काढत आला आणि माझ्याशेजारी उभा राहिला. त्याच्या अंगाला ताज्या पेंढ्याचा वास येत होता. मी तोंड उघडलं. शपथेवर सांगतो, बोलण्यासाठीच उघडलं. आणि म्हणालो, “शांतता राखा.”

कोंडाजीनं सुरुवात केली, “मी त्या दिशी आंब्याखाली बसलो व्हतो, तवा...”

“थांब रे,” ठमाबाई म्हणाली. “पालकसायब, नावं पुरी झाली नायत.”

“झाली, बाई. आता कोंडाजी बोलतोय.”

“नाय झाली. मी मोजते दर टायमाला. आंधळीला दुसरं काम काय? गोमाजी होता तवापासनं आयकते, समद्यांची नावं घेत्यात, वाचणाऱ्याचं कुनी घेत नाय.”

पाळकसाहेब कंटाळून म्हणाले, “अहो, ते वाचणारे आहेत.”

“वाचणारा काय देवाचा जावय हाय? माजा पोरगा उभा ऱ्हायलाय तर समद्यांनी उभं ऱ्हावं.” मग तिनं मान वर केली, आणि माझ्या लहानपणी ती आम्हा पोरांना नदीवरून हाक मारायची तशी मोठ्यानं हाक मारली, “महिपत गोमाजी!”

मी उभाच होतो. एक शब्द म्हणायचा होता. वीस माणसांच्या तोंडून तो शब्द आत्ताच ऐकला होता, तिसरी-चौथीच्या पोरानं म्हटला असता. तो माझ्या तोंडातून निघेना. ठमाबाई वाट बघत होती. तिला काही ठाऊक नव्हतं, तिला फक्त संख्या पुरी करायची होती.

“राब मी पेटवला,” मी म्हणालो. “भर दुपारी, वाऱ्याच्या बाजूनं. विस्तव विझल्याचं न बघता गेलो. कोंडाजीनं बिडी ओढली नाही. मी ते जाणून होतो.”

बाहेर कुणाच्या तरी खळ्यावर झोडणी चालली होती, तेवढी ऐकू येत होती. सगळ्यात आधी पाळकसाहेब सावरले. त्यांना तीनच्या गाडीनं पोलादपूर गाठायचं होतं. “मास्तरांनी धैर्यानं कबूल केलं,” ते म्हणाले. “देव दयाळू आहे. कोंडाजी निर्दोष ठरला. आनंदाची गोष्ट आहे. या, आता दोघंही भाकर घ्या.” आणि त्यांनी ताट कोंडाजीपुढे धरलं.

कोंडाजी ताटाकडे बघत राहिला.

“मला नको,” तो म्हणाला.

“अरे, तुझ्यावर आता काही डाग नाही.”

“तुमी तपासलं म्हनायला सांगता. माज्या मनात आता या मास्तरांचं नरडं दाबावं असं येतंय. सा महिनं आये माजी रडत व्हती. तपासलं कसं म्हनू?” तो आईकडे वळला. “आये, तू घे.”

“तुज्याबिगर नाय,” ठमाबाई म्हणाली.

ताट आम्हा तिघांना ओलांडून गेलं. सहा महिने मी ज्याची भाकर अडवली होती, त्याची भाकर माझ्या कबुलीनंही अडवली. त्या दिवशी ताटापुढे खरोखर मन तपासणारा तो एकटाच होता, आणि तोही उपाशी उठला.

सगळे गेल्यावर मी पायरीवर त्याला गाठलं. क्षमा कर म्हणालो. तो म्हणाला, “आता नाय जमत. पुढच्या टायमाला तीन महिनं हायत. तवर रोज माज्या दारात या नि सांगा.”

“काय सांगू?”

“आज सांगितलं त्येच. मी रोज सांगत व्हतो, मी नाय म्हनून. कुनी आयकलं नाय. आता तुमी सांगा, मी आयकतो.”

तेव्हापासून शाळा सुटली की मी रोज त्याच्या दारात जातो. तो टोपल्या विणत असतो. ठमाबाई आत पडून असते, अलीकडे उठत नाही. मी म्हणतो, राब मी पेटवला, कोंडाजीनं बिडी ओढली नाही, मी ते जाणून होतो. तो ऐकतो आणि मान हलवतो. वाडीतली माणसं येता-जाता हसतात. मला लाज वाटते, चीडही येते. कधी वाटतं, किती दिवस हा छळ? मग माझ्या बोटांनी मारलेली ती फुली आठवते.

काल पाळकसाहेबांच्या कामासाठी मला महाडला जायचं होतं. गाडीची वेळ झाली होती. मी दारातूनच, चप्पल न काढता, तिन्ही वाक्यं भराभर म्हटली आणि वळलो.

“मास्तर,” कोंडाजीनं मागून हाक मारली. त्यानं हातातली टोपली खाली ठेवली होती. “आज घाईत हाय तुमी. राब पेटवला त्या दिशी बी घाईत व्हता.”

मी चप्पल काढली आणि ओटीवर बसलो. गाडी गेली.