केळीचं खरं खोड, सहा मिनिटं

मी एक जुनी व्हिडिओ कॅसेट आहे, आणि मित्रांनो, मी चिडलेली आहे. इतर जुन्या वस्तू तुम्हाला आपली कहाणी सांगतात आणि शेवटी सगळ्यांना माफ करून मोकळ्या होतात. मी कोणाला माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे मागाहून तक्रार नको.

काळी डबी, आत दोन चाकं आणि त्यांच्यावर गुंडाळलेली अडीचशे मीटर फीत, एवढाच माझा देह. १९९० साली मी सावद्याच्या एका दुकानातून रावेरकडच्या एका गावातल्या हायस्कुलात आले. मला आणलं विज्ञान शिकवणाऱ्या सुनंदाबाईंनी. त्या शाळेला वर्षभरापूर्वी एका योजनेतून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर मिळाला होता. मिळाला त्या दिवशी गावाने त्याची काय हौस केली म्हणता! नारळ फोडला, काचेवर कुंकवाचं बोट ओढलं, हार घातला. मग मुख्याध्यापक तोताराम सरांनी त्याला फुलाफुलांचं झाकण घालून लोखंडी कपाटात ठेवलं आणि कपाटाची किल्ली आपल्या करदोड्याला बांधली. पंधरा ऑगस्टला कपाट उघडायचं, जुनं कुंकू पुसायचं, नवं लावायचं, पुन्हा कुलूप. "पोरं हात लावतील," सर म्हणायचे. अहो, पोरांसाठीच तर तो आला होता!

सुनंदाबाईंना हे बघवेना. शाळेला प्रयोगशाळा नव्हती आणि पुस्तकातली चित्रं हलत नव्हती. त्यांनी ठरवलं की एकेक गोष्ट शिकवणारे छोटे छोटे पाठ आपणच तयार करायचे. सहा मिनिटांपेक्षा मोठा एकही नाही, कारण सातव्या मिनिटाला पोरं खिडकीबाहेर बघतात. लग्नांची शूटिंग करणारा वना गावातलाच होता. पितृपक्षात लग्नं नसतात, त्यामुळे त्याचा कॅमेरा घरी धूळ खात होता. बाईंनी त्याला तेव्हाच गाठलं. तोही बिचारा एका शब्दात तयार झाला.

माझ्यावर तीन पाठ उतरले. केळीचं खरं खोड कुठे असतं, हा विज्ञानाचा. तापी पश्चिमेला का वाहते, हा भूगोलाचा. केळीच्या घडाच्या फण्यांवरून अपूर्णांक, हा गणिताचा. आणि तिन्ही पाठ शिकवले बेबाने.

बेबा नववीत होती. तिचे वडील झुलाल केळी कापणीवर मजुरीला जायचे. बाईंनी मुद्दाम पोरीलाच कॅमेऱ्यापुढे उभं केलं. त्या म्हणायच्या, पोरांना पोरांचं बोलणं लवकर कळतं. दोन वेण्या, निळा स्कर्ट, हातात कोयता. केळीच्या खांबाचा एकेक पदर सोलत ती बोलत होती आणि मी ते टिपत होते. मध्येच ती "हे खोड नही" म्हणाली, जीभ चावली आणि "नाही" म्हणाली. वनाने विचारलं, "बाई, पुन्हा घेऊ का?" बाई म्हणाल्या, "राहू दे. ते सगळ्यात छान आहे." मला त्या दिवसासारखं सुख पुन्हा कधी मिळालं नाही.

पाठ झाल्यावर बाईंनी कर्कटकाच्या टोकाने माझ्या पाठीवरची छोटी पट्टी मोडली. ती मोडली की कॅसेटवर दुसरं काही टिपता येत नाही. माझ्या खोक्यावर त्यांनी चिठ्ठी चिकटवली: 'केळीचं खरं खोड, सहा मिनिटं' आणि खाली इतर दोन पाठांची नावं. मला वाटलं, आता माझं सोनं झालं.

त्याच आठवड्यात बाई झुलालभाऊंच्या घरी गेल्या. बेबाला एक स्थळ चालून आलं होतं. बाईंनी सांगितलं, जानेवारीत जळगावला शैक्षणिक साहित्याचं प्रदर्शन आहे, तिथे ही कॅसेट निवडली गेली तर जळगावच्या वसतिगृहात बेबाची दहावीची सोय करायचा शब्द तिथल्या अधीक्षक बाईंनी दिला आहे.

झुलालभाऊ म्हणाले, "पोरगी हुशार हाये, हे मले समजत नही का, बाई? पन लोकायचं तोंड कोन धरीन? संक्रांतीलोक थांबतो मी. मंग मले काही सांगू नका."

मजुरी करणाऱ्या माणसाने चार महिन्यांचा शब्द दिला आणि तो पाळला. शब्द मोडला तो खुर्चीवर बसलेल्या माणसाने.

दिवाळीनंतर बाईंची बदली संस्थेच्या बोदवडच्या शाळेत झाली. जाताना त्यांनी मला आणि प्रदर्शनाच्या अर्जाला तोताराम सरांच्या हातात दिलं. एक सही करायची आणि मला जळगावला धाडायचं, एवढंच काम होतं, आणि सरांनी तसा शब्दही दिला. सरांनी मला कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. बाईंची बोदवडहून तीन पत्रं आली. सर प्रत्येक पत्र वाचून म्हणाले, "कॅसेट सुरक्षित आहे." होते ना मी सुरक्षित! डांबराच्या गोळ्यांच्या वासात, कुंकू लावलेल्या टीव्हीशेजारी, अंधारात. संक्रांत गेली. प्रदर्शन संपलं. फेब्रुवारीत सरांना अर्ज सापडला आणि त्यांनी त्यावर सही केली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

खरी वरातही मग आलीच. वैशाखात बेबाचं लग्न ठरलं. त्या वर्षी लग्नं इतकी दाट होती की सावद्यात कोरी कॅसेट मिळेना. वना रिकाम्या हाताने परत आला. तेव्हा तोताराम सरांना एकदम शाळेचं प्रेम आठवलं. "आपली विद्यार्थिनी आहे. शाळेने काहीतरी केलं पाहिजे," असं म्हणून त्यांनी करदोड्याची किल्ली काढली आणि मला बाहेर काढलं.

चिठ्ठी वाचून वना चपापला. "सर, हिच्यावर तर बेबाचेच पाठ हायेत."

"अरे, पडूनच आहे ती, आणि लग्नाला अख्खी फीत लागेल. रजिस्टरला 'कॅसेट, नग एक' असं लिहिलंय. नंतर एक कोरी आणून ठेवा, म्हणजे झालं."

मी पडून होते म्हणे! मला पाडून कोणी ठेवलं होतं?

बाईंनी मोडलेल्या पट्टीच्या जागी वनाने लग्नपत्रिकेचा हळद लावलेला कोपरा घडी करून बसवला आणि वर चिकटपट्टी मारली. तेवढ्याने माझं कुलूप उघडलं. चांगल्या कामासाठी कपाट उघडायला सहा महिने पुरले नाहीत, आणि नासाडीला पत्रिकेचा एक तुकडा पुरला. 'नवरदेव आला' अशी हाक आली म्हणून घाईत त्याने मला पूर्ण मागे घेतलं नाही. सुरुवातीची चाळीस सेकंदं तेवढी वाचली.

बाकी सगळं पुसलं गेलं. तापी गेली, अपूर्णांक गेले. बेबाच्या आवाजावर बँड बसला. मांडवाच्या दाराला केळीचे दोन खांब बांधले होते, आणि त्यांच्यामधून मान खाली घालून बेबा आली. ती पंधरा वर्षांची होती. मित्रांनो, पोरीचा पाठ पुसून तिथेच तिचं लग्न मला टिपावं लागलं. मला डोळे असते तर मी ते मिटून घेतले असते.

सुनंदाबाई अक्षता टाकायला आल्या होत्या. वनाच्या पिशवीजवळ पडलेलं माझं रिकामं खोकं आणि त्यावरचं स्वतःचं अक्षर त्यांनी पाहिलं.

सर हसून म्हणाले, "पाठ काय बाई, पुन्हा काढता येईल."

"कोणाला उभं करून, सर?" बाईंनी विचारलं.

सरांनी पंगतीकडे बघितलं. हे बोलणंही बँडच्या आवाजाखाली माझ्यात टिपलं गेलं आहे, पण नवरीच्या दागिन्यांकडे बघणाऱ्या लोकांना ते ऐकू येत नाही. पुढच्या महिन्यात झुलालभाऊंनी कोरी कॅसेट आणून शाळेला दिली. नग एक भरला. ती कोरीच्या कोरी आजही त्या कपाटात आहे.

मी झुलालभाऊंच्या घरी राहिले. दरवर्षी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बेबा माहेरी येते. झोके होतात, सांजोऱ्या होतात आणि वनाकडून टीव्ही-व्हीसीआर भाड्याने आणून सगळे लग्न बघतात. सुरुवातीची चाळीस सेकंदं आली की कोणीतरी ओरडतं, "पुढे घे, पुढे घे! हे शाळेचं हाये." इतकी वर्षं मी ते ऐकत आले.

गेल्या आखाजीला बेबाची सहा वर्षांची लेक बटणांजवळ बसली होती. तिने पुढे घेतलंच नाही. पडद्यावर दोन वेण्यांची पोरगी म्हणाली, "हे खोड नही... नाही. ही नुसती पानं आहेत, एकमेकांना धरून उभी. खरं खोड कुठे आहे, ते आता मी तुम्हाला..." आणि धाडकन बँड वाजला.

लेकीने मागे घेतलं. पुन्हा तेच. पुन्हा मागे घेतलं. चौथ्यांदा बँड वाजला तेव्हा ती रडकुंडीला आली. "माय, मंग कुठी हाये खरं खोड?"

बायका हसल्या. बेबा हसली नाही. ती उठली, खुंटीवरचा कोयता घेतला आणि म्हणाली, "चाल." मागच्या दारी घड कापून झालेल्या केळीचा बुंधा होता. माती उकरल्याचा आवाज आला आणि मग तिचा आवाज, तोच, शाळेतला: "हा कंद. वरचं बठ्ठं, सगळं, कापून नेलं तरी हा खाली राहतो. हे बघ, याच्यातूनच नवं पिल्लू फुटलंय."

ती बरोबर सहा मिनिटं बोलली. मी इकडे वरात दाखवत फिरत होते आणि माझ्यापुढे कोणी बसलं नव्हतं, कारण एकेक करत सगळे मागच्या दारी गेले होते.

माझा राग त्याने गेलेला नाही. ती चाळीस सेकंदं झिजत चालली आहेत आणि मला झिजण्याचं दुःख नाही. वापरून झिजणं हेच आम्हा वस्तूंचं भाग्य असतं, मित्रांनो. तुमच्याही शाळेत एखादं कपाट असेल, त्यात कुंकू लावून ठेवलेलं काहीतरी असेल. त्याला नमस्कार करू नका. किल्ली कोणाकडे आहे ते विचारा, आणि आजच विचारा. संक्रांतीपर्यंत थांबणारी माणसंसुद्धा संक्रांतीनंतर थांबत नाहीत.