गोणपाटाखालचे चार दिवस

मी एक तापमापक आहे. काचेचा, पाऱ्याचा आणि हट्टी. दिवसभरात पारा जिथवर चढला तिथेच त्याला धरून ठेवतो, कोणी झटका दिल्याशिवाय सोडत नाही. केडगावजवळच्या एका शेतावर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत मी आडवा पडून असतो.

तीस वर्षं सिद्दीकमामांनी मला रोज सकाळी साडेआठला वाचलं. ईदच्या दिवशीसुद्धा खाडा नाही. १९९२ साली माझे आकडे जरा खालीच येऊ लागले, तेव्हा हवामान खात्याचे तपासणीचे साहेब त्यांच्यावर डाफरले, "घरी बसून आकडे लिहिता काय?"

मामा एवढंच म्हणाले, "साहेब, पाऱ्यानं दावलं तेच लिवलंय." मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पुढे कळलं, आदल्या वर्षी फिलिपिन्समध्ये मोठा ज्वालामुखी फुटला होता. त्याच्या गंधकाच्या वायूतून झालेले बारीक कण उंच आभाळात जगभर पसरले आणि थोडं ऊन त्यांनी वरच्या वर परतवलं. माझ्या एकट्यावरून हे कोणालाच समजलं नसतं. माझ्यासारख्या हजारोंचे आकडे एकत्र मांडले, तेव्हा दिसलं. म्हणून आमच्यातल्या एकानेही थाप मारून चालत नाही.

एल निनोची तऱ्हा उलटी. दर काही वर्षांनी दूरच्या प्रशांत महासागराचं पाणी तापतं आणि ज्यांनी समुद्र पाहिलाही नाही त्यांची जमीन भाजते. माणसांच्या धुराची भर असतेच. २०२४ च्या एप्रिलमध्ये मी बेचाळीसच्या खाली यायला तयार नव्हतो. आता मामांची नजर गेली आहे; त्यांची मुलगी निखत मला वाचते आणि घरी जाऊन त्यांना आकडा सांगते.

आणि एकदम चार दिवस मी अडतीसवर! मामा खुशीत म्हणाले, "कुठंतरी डोंगर फुटला आसंल, बघ."

निखतला पटेना. पाचव्या दिवशी ती भर दुपारी आली, तर पेटीवर ओलं गोणपाट. शेतात खुरपणाऱ्या शेवंताबाई त्यावर तांब्याने पाणी शिंपडत होत्या.

"मावशी, हे काय?"

"आगं, माठाला गुंडाळतो तसंच. तूच म्हणतीस ना, लई चढलाय म्हणून? बिचारं तापतंय. सांजच्याला काढून नेते मी."

खरं सांगू? त्या गारव्यात मलाही बरं वाटलं होतं. त्याची आता लाज वाटते.

संध्याकाळी निखत वही घेऊन वडिलांसमोर बसली. त्या वहीत आजवर एकही आकडा चुकीचा नव्हता. "अब्बा, हे कळवलं तर तुमच्या ब्याण्णवच्या आकड्यांवरबी पुन्हा शंका घेतील."

मामांनी चाचपून वहीवर हात ठेवला. मग म्हणाले, "घेऊ दे. आकडा खोडू नको. म्होरं लिव, पेटीवर गोणपाट होतं. खोटा आकडा ठिवून माझी अब्रू राखू नको."

तिने चारही दिवसांपुढे तसं लिहिलं. दुसऱ्या सकाळी मामा तिचा हात धरून पेटीपाशी आले. मला चाचपून हातात घेतलं आणि सवयीने झटका दिला. पारा खाली उतरला. दुपारी तो पुन्हा बेचाळीसवर होता.

शेवंताबाई, तुमची माया मला कळली. पण तापणं हेच माझं काम आहे, ते मला करू द्या. ते ओलं गोणपाट तुमच्याच डोक्यावर घ्या. मी निदान सावलीत असतो. या बेचाळीसात उघड्यावर खुरपत तुम्ही असता.