चंद्रीच्या पाठीवरची काजळी

चंपतरावाच्या घरात घोडीसाठी म्हणून वेगळी अशी एकही वस्तू नव्हती. जे होतं ते बायकोचं, मैनाबाईचं होतं. रिठे तिच्या केसांसाठी आणलेले, त्यांनी शेपटी धुतली जाई. एरंडेल तिच्या भेगाळलेल्या टाचांसाठी, चमकत ते खूर. भाताची पेज डॉक्टरने अशक्तपणावर सांगितली होती. ती लागली चंद्रीच्या आयाळीला, आणि आयाळ अशी चापून बसली, जणू वकिलाने पाडलेला भांग. शेवटचा हात फिरवायला मैनाबाईचं मऊ लुगडं.

"देवा, पुढल्या जन्मी मले यांची घोडीच कर," मैनाबाई म्हणे. चंपतरावाला ही आपली स्तुती वाटे.

बर्डीच्या स्टँडवरचे टांगेवाले हे नुस्खे विचारायला पार हुडकेश्वरला त्याच्या घरी येत. चंपतराव एकही नुस्खा लपवत नसे. लपवला तो एकच, चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात.

त्या वर्षी जनावरांच्या प्रदर्शनात टांग्याच्या घोड्यांसाठी पहिल्यांदाच बक्षीस जाहीर झालं, आणि त्याच आठवड्यात साजाच्या गादीखाली चंद्रीची पाठ सोलली. जखम रुपयाएवढी. महिनाभर साज चढवला नसता तर भरून आली असती, पण प्रदर्शन काही महिनाभर थांबणारं नव्हतं. चंपतरावाने चिमणीची काजळी एरंडेलात खलली आणि जखमेवर लिंपली. काळ्या घोडीवर काळं. चंद्रीची कातडी थरथरली.

"एका दिवसाची तर गोष्ट आहे," तो तिच्या कानात म्हणाला.

मैदानात जनावरांच्या डॉक्टरांनी दात पाहिले, खूर पाहिले, शेपटी तर दोनदा हुंगली. हात पाठीकडे वळत होता, तेवढ्यात प्रमुख पाहुणे आले आणि हार मात्र आलेला नाही असं कळलं. डॉक्टर हार शोधायला धावले. चंद्री पहिली आली. डॉक्टरांनी भोंग्यावरून सांगितलं, "अंगावर एक डाग नाही!"

कन्हानचा टांगेवाला बाबनराव वर्षभर तिच्या मागे लागला होता. त्या दिवशी गर्दीतच त्याने विचारलं, "आता तरी देता का, भाऊ?"

चंपतरावाचे गुडघे गेले होते, बर्डीवरच्या सवाऱ्या ऑटोने नेल्या होत्या, आणि बक्षिसाने मान अजून ताठ होती. तो हो म्हणाला. पाठीचं सांगायला तोंड उघडलं, तर शेजारी डॉक्टर उभे.

"महिनाभर टांग्याले जुपू नका तिले," एवढंच तो म्हणाला.

"काहून गा?"

"नवी जागा हाय. जरा नखरे करते."

बाबनराव हसला. माहेरचे सगळेच असं म्हणतात.

पुढचे नऊ दिवस चंपतरावाला जेवण गोड लागलं नाही. शेवटी मैनाबाईने विचारलं, "त्याले पाठीचं सांगितलं ना?"

"सांगितलं ना. महिनाभर जुपू नको म्हटलं."

"अन् काहून, ते?"

चंपतराव पायताण शोधू लागला.

कन्हानच्या स्टँडवर चंद्री टांग्याला जुंपलेलीच होती. मागे चार सवाऱ्या बसल्या होत्या. आयाळ चापून, खूर चकाचक. बाबनराव धावत आला आणि त्याने चंपतरावाचे पायच धरले.

"उस्ताद आहा तुम्ही! तिले धुतलं तवा काजळी निघाली. मी म्हटलं, पाहा, याले म्हणतात अक्कल! आता मी बी रोज सकाळी लावून राहिलो. कोणाले दिसत नाही का काही नाही."

त्याने कौतुकाने गादी जरा उचलली. जखम तळहाताएवढी झाली होती. काळ्या लेपाच्या कडेने पू वाहत होता.

शिव्या दिल्या असत्या तर चंपतरावाने त्या घरी नेऊन मैनाबाईला दाखवल्या असत्या. कौतुकाचं काय करावं ते त्याला कळेना.

"तो नुस्खा नव्हता, बाबनराव. लबाडी होती. सोडा तिले."

"सवाऱ्या बसल्या आहेत ना, भाऊ."

तेव्हा चंपतराव सवाऱ्यांकडे वळला आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं बोलला. जखम झाकून बक्षीस घेतलं, जखम झाकून घोडी विकली, घेताना बाबनरावाला ठाऊकच नव्हतं. एक म्हातारी ताबडतोब उतरली. "मेल्यांनो, मुक्या जनावराचं असं करता?" बाकीचे तिघं, दुसरा टांगा कधी येईल याचा अंदाज घेत, हळूहळू उतरले.

बाबनरावाने साज काढला. आता त्याचा चेहरा उतरला होता.

"हे तवाच काहून नाही सांगितलं? मी काय वैरी होतो तिचा?"

"लोकं होते," चंपतराव म्हणाला. ऐकायला ते फारच हलकं वाटलं.

बाबनरावाने हॉटेलातून गरम पाणी आणलं, त्यात मीठ टाकलं. चंपतरावाने धोतराचा सोगा फाडून भिजवला आणि हात पुढे केला. अकरा वर्षं रोज सकाळी याच हाताखाली चंद्री डोळे मिटून उभी राहायची. आज तिने कान मागे पाडले आणि ती बाजूला सरकली. तो पुन्हा जवळ गेला. ती पुन्हा सरकली, पार दोरी ताणेपर्यंत.

चंपतरावाने फडकं बाबनरावाच्या हातात दिलं.

"तुम्ही पुसा," तो म्हणाला, आणि तिला दिसणार नाही असा टांग्याच्या मागे जाऊन उभा राहिला.